रांगेचा हिशेबनीस

मंगळवेढ्याच्या शिवारात रात्री एक-दोनच्या सुमाराला विहिरींवरच्या मोटारी आपोआप सुरू होतात. जवळ माणूस नसतो. तो घरी गाढ झोपलेला असतो. थ्री फेजची लाइट आली, की स्टार्टरच्या पेटीत बसवलेला ऑटो स्विच जागा होतो आणि मोटार चालू करतो. बँकेच्या नोकरीत १९८६ साली मी या गावात दोन वर्षं काढली होती, लग्नही तेव्हा इथलंच जमलं. निवृत्तीनंतर आम्ही बायकोच्या माहेरी राहायला आलो आणि मेव्हण्याच्या डाळिंबाच्या बागेत मी ही छोटी डबी पहिल्यांदा नीट पाहिली. तिचं मला फार कौतुक वाटलं.

माझी धाकटी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. सुट्टीला आली तेव्हा मी तिला डबी दाखवली. ती हसली आणि म्हणाली, की आमच्या कंपनीतही दिवसभर हेच चालतं, फक्त विहीर नसते. मग तिनं मला समजावून सांगितलं ते असं. आम्ही बँकेत पाहिलेले पहिले संगणक पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे होते. पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची, मध्ये कुणी काही विचारायचं नाही, शेवटची ओळ आली की थांबायचं. दिवसभराची व्हाउचरं संध्याकाळी एकगठ्ठा आत घातली, की रात्री हिशेब बाहेर येई. दुसऱ्या जातीचा प्रोग्रॅम रेल्वेच्या फाटकवाल्यासारखा असतो. तो बसून राहतो. स्टेशनवरून घंटी आली की उठतो, फाटक लावतो, गाडी गेली की उघडतो, पुन्हा बसतो. काय घडलं तर काय करायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. कधी घडेल ते कुणालाच ठाऊक नसतं.

लोकांना वाटतं, की ही पद्धत संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं यांच्यासाठी निघाली. माणसानं बटण दाबलं की काहीतरी उघडतं, हे डोळ्यांना दिसतं म्हणून तसं वाटतं. पण लिफ्ट, एटीएम, कारखान्यातला बॉयलर, आगीची घंटा, धरणावरचा पाणीपातळी मोजणारा संच, यांतल्या कशालाही खिडकी लागत नाही. आणि ज्या यंत्रांना हा प्रश्न सोडवावा लागला, त्यांतलंच एक होतं टेलिफोन एक्स्चेंज. हजारो घरांतून कोण कधी रिसीव्हर उचलेल याचा भरवसा नाही, आणि उचलल्याबरोबर दखल तर घ्यायलाच हवी. मुलगी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते ती एक्स्चेंजसाठीच तयार झालेली आहे. तिचं नाव एरलांग. मी विचारलं, हे कुठलं गाव? ती म्हणाली, गाव नाही बाबा, माणूस आहे, कुणीतरी जुना गणिती.

एवढ्यावर माझ्यासारख्या रिकाम्या माणसाची चार महिन्यांची सोय झाली.

आग्नर क्रारुप एरलांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कमधल्या युटलंड प्रांतातल्या लोनबोर्ग या खेड्यातला. वडील गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. आईच्या घराण्यात धर्मोपदेशक पुष्कळ, आणि त्या वंशात फार मागे सोळाव्या शतकातले थॉमस फिंके हे गणिती होऊन गेलेले. त्रिकोणमितीतले टॅन्जंट आणि सेकंट हे शब्द रूढ करणारे ते हेच. घरात वाचायला एक पुस्तक आणि वाचणारे दोघे असले, की लहानगा आग्नर भावाच्या समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूनं वाची, आणि त्याला त्यात काही अडचण येत नसे. ही गोष्ट वाचताना मला आमच्या जुन्या कॅशियरची आठवण झाली. काउंटरपलीकडून ग्राहकानं भरलेली स्लिप ते उलटीच वाचून मोकळे होत. अर्थात त्यांचं त्यापुढे काही झालं नाही.

चौदाव्या वर्षी या मुलानं वयाची खास सवलत घेऊन कोपनहेगनला परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला. मग काय, परत खेड्यात, वडिलांच्याच शाळेत दोन वर्षं मदतनीस मास्तर. पैसे नव्हते. पुढे कुठं राहण्याजेवण्याची सोय झाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ मध्ये तो विद्यापीठात पोचला. १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय आणि जोडीला खगोल, पदार्थविज्ञान, रसायन घेऊन एम. ए. झाला. आणि त्यानंतर सात वर्षं त्यानं काय केलं, तर वेगवेगळ्या शाळांत शिकवलं. शिकवण्याची त्याला मनापासून आवड होती, गर्दीची नव्हती. गणित मंडळाच्या बैठकांना मात्र तो नियमानं जाई. तिथं येन्सन नावाचे गृहस्थ येत. गणिताच्या विद्यार्थ्यांना येन्सनची असमानता ठाऊक असते, तेच हे. पोटासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. कंपनीचे संचालक योहान्सन यांनाही एक व्यावहारिक कोडं सतावत होतं आणि त्यांनी त्यावर स्वतः थोडं लिहिलंही होतं. येन्सननी या मास्तरांची गाठ संचालकांशी घालून दिली, आणि १९०८ साली, तिशीत, एरलांग टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

पद मोठं होतं, प्रयोगशाळेचे प्रमुख. सुरुवातीला हाताखाली माणसं मात्र नव्हती. भूमिगत तारांमधून वीज कुठं गळते ते मोजायला साहेब स्वतः रस्त्यावर जात. बरोबर शिडी घेतलेला एक कामगार. शिडी मॅनहोलमध्ये उतरवायची आणि दाढीवाले गणिती खाली उतरणार. कोपनहेगनच्या लोकांना हे दृश्य सवयीचं झालं होतं म्हणतात. गणित हे खोलीत बसून करायचं काम आहे अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ती शिडी डोळ्यांसमोर आणावी.

आता योहान्सन यांचं कोडं. शहरात हजारो फोन आहेत. सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. म्हणून एक्स्चेंजमधून निघणाऱ्या लाइनी कमी ठेवता येतात. पण किती कमी? फार ठेवल्या तर पैसा तारांत पुरला जातो, थोड्या ठेवल्या तर गिऱ्हाईक ताटकळतं. बँकेत काउंटर किती उघडायचे हा प्रश्न हाच आहे, आणि आम्ही तो चाळीस वर्षं अंदाजानं सोडवला.

एरलांग यांनी १९०९ साली पहिला लेख लिहून दाखवलं, की फोन करणाऱ्यांना एकमेकांची खबर नसली, ज्याचा तो आपल्या लहरीनं रिसीव्हर उचलत असला, तर त्या बेशिस्तीलाच एक शिस्त असते. एका मिनिटात एकही फोन न येण्याची शक्यता किती, दोन येण्याची किती, पाच येण्याची किती, हे सगळं सांगता येतं. एकट्या माणसाचं काहीच सांगता येत नाही, पण हजारांचं सांगता येतं. आठ वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी सूत्रं दिली. लाइनी भरल्यामुळे किती फोन परत जातील त्याचं एक, आणि थांबावं लागलं तर किती वेळ थांबावं लागेल त्याचं दुसरं. ब्रिटिश टपाल खात्यानं ती लवकरच उचलली.

मी मेव्हण्याच्या ओट्यावर बसून कॅल्क्युलेटरवर एक उदाहरण केलं. ताशी साठ फोन, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटं बोलणं. म्हणजे एकूण १८० मिनिटं, तीन लाइनी पूर्ण वेळ भरतील एवढं काम. साधा माणूस म्हणेल, मग तीन लाइनी टाका. एरलांग यांचं सूत्र सांगतं, की तीन लाइनी टाकल्या तर शंभरातले जवळजवळ पस्तीस लोक परत जातील. सहा टाकल्या तर पाच. शंभरात एकापेक्षा कमी परत जावेत असं वाटत असेल तर आठ हव्यात, आणि त्या आठांतल्या सरासरी पाच रिकाम्या दिसणार. त्याहून गमतीचं म्हणजे, काम दहापट वाढलं तर लाइनी ऐंशी लागत नाहीत, बेचाळीसच्या आसपास भागतं. मोठ्या शाखेला दर ग्राहकामागं माणसं कमी का पुरतात आणि लहान शाखेची नेहमी ओढाताण का होते, याचं उत्तर मला निवृत्तीनंतर असं ओट्यावर मिळालं. तपासणीला येणारे साहेब रिकामा बसलेला कारकून पाहून चिडत. तो रिकामा बसलेला होता म्हणूनच पुढच्या माणसाचं काम चटकन होणार होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर कुठल्या कादंबरीत घातलेली नाही.

१९८६ सालची, शनिवारची सकाळ. शनिवारी बँक अर्धा दिवस. साडेदहाला एक शेतकरी आला. धाकट्या भावाचा हात मळणी यंत्रात सापडला होता. सोलापूरहून पुढं पुण्याला नेलं होतं आणि तिथल्या दवाखान्यात पैसे भरायचे होते. यानं ज्वारी विकून चार हजार रुपये आणले होते. पुण्यातल्या नातेवाइकाचं आमच्याच बँकेत खातं होतं. त्यानं मला विचारलं, साहेब, मी अकराच्या एस्टीनं स्वतःच घेऊन जाऊ का? मी त्याला सांगितलं, की कशाला जिवाला त्रास करतोस, तारेनं पैसे पाठवतो, तू पोचायच्या आत पोचतील.

टेलिग्राफिक ट्रान्स्फर ही तेव्हाची सोय. रकमेची सांकेतिक तार करायची, समोरच्या शाखेनं गुप्त आकडा पडताळून पैसे जमा करायचे, मागाहून टपालानं खात्रीची प्रत जायची. आमच्या शाखेचा रिवाज असा, की दिवसभराच्या तारा एकत्र करून काउंटर बंद झाल्यावर शिपायाबरोबर तारघरात पाठवायच्या. दर तारेला शिपाई पळवायचा तर त्यानं दुसरं काय करायचं? रिवाज मी घातलेला नव्हता, पण त्या दिवशी मोडलाही नाही. मोडता येतो हे सुचलंच नाही. तार साडेबाराला गेली. पुण्याची शाखा बंद झाली होती. पैसे सोमवारी दुपारी जमा झाले.

हात कोपरापासून काढावा लागला. दोन दिवसांच्या उशिरानं गेला की यंत्रानं आधीच नेला होता, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. चार महिन्यांनी तो धाकटा भाऊ शाखेत आला. त्याचंही आमच्याकडे खातं होतं, निशाणी अंगठा. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा असा नियम, आणि गेलेला हात डावा होता. मी जुनं नमुना कार्ड रद्द केलं, नव्या कार्डावर उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि खाली शेरा मारून सही केली. तो काहीच बोलला नाही. मीही नाही.

एकगठ्ठा काम करणं आणि घडल्याबरोबर काम करणं यांत काय फरक आहे, हे मुलगी मला डबी दाखवून समजावत होती तेव्हा मला ते कार्ड दिसत होतं.

तर एरलांग. त्यांनी लग्न केलं नाही. बहिणीबरोबर राहत. पुस्तकं गोळा करण्याचा नाद जबर, गणिताची, खगोलाची, पदार्थविज्ञानाची. लिहिताना शब्द फार कमी वापरत, कधी सिद्धताही गाळत, आणि वाचणाऱ्याचे हाल होत. असं सांगतात, की अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या एका संशोधकानं केवळ त्यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती. गरजू माणसं त्यांना शोधत कचेरीत येत आणि ते त्यांना गुपचूप मदत करत. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा. त्यांच्यामागे वर्तमानपत्रं लागली नाहीत, त्यांचे पुतळे झाले नाहीत. १९२९ च्या जानेवारीत पोटाच्या दुखण्यानं त्यांना इस्पितळात न्यावं लागलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ३ फेब्रुवारीला ते गेले. वय एक्कावन्न.

त्यानंतर माणूस मोठा झाला. १९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीनं वाहतूक मोजण्याच्या एककाला त्यांचं नाव दिलं. वर मी जे तीन लाइनींचं काम म्हटलं ते म्हणजे तीन एरलांग. किलो, लिटर, तसं एरलांग. आणि १९८६ च्या सुमारास, मी इथं तारांचे गठ्ठे बांधत असताना, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी एक्स्चेंज चालवण्यासाठी नवी भाषा रचू लागले. तिला त्यांनी एरलांग नाव ठेवलं. एरिक्सनचं आद्याक्षर त्यात आपसूक येतं, ही जास्तीची सोय.

या भाषेची रीत मला फार आवडली. तिच्यात एक मोठा शहाणा प्रोग्रॅम नसतो. हजारो, लाखो छोटे कारकून असतात. प्रत्येकाची स्वतःची टपालपेटी. पेटीत चिठ्ठी पडली की तो उठतो, तेवढं काम करतो, पाहिजे तर दुसऱ्याच्या पेटीत चिठ्ठी टाकतो आणि पुन्हा बसतो. एकाच्या खतावणीत दुसरा हात घालत नाही. एखादा कारकून चक्कर येऊन पडला तर त्याला सावरत बसायचं नाही. वर लक्ष ठेवणारा असतो, तो त्याच्या जागी ताजा माणूस उभा करतो आणि बाकीच्यांना कळतही नाही. टेलिफोन एक्स्चेंज बंद ठेवून दुरुस्ती करता येत नाही, त्या सक्तीतून ही शिस्त आली. १९९८ मध्ये कंपनीनं भाषा सर्वांना मोफत खुली केली. पुढे व्हॉट्सॲप याच भाषेवर उभं राहिलं, आणि २०१२ मध्ये त्यांच्या एकेका संगणकावर वीस लाख फोन एकाच वेळी जोडलेले राहत होते. सकाळी मेव्हण्याकडे सुप्रभातचे जे पंधरा संदेश येतात, त्यांच्यामागे असा कुणी कारकून पेटी उघडून बसलेला असतो, बिचारा.

मला मात्र एका ठिकाणी अडल्यासारखं झालं. एरलांग यांचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे, की प्रत्येक जण आपल्या मर्जीनं येतो, एकाच्या येण्याचा दुसऱ्याच्या येण्याशी संबंध नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापूरपर्यंत जमीन हलली होती. अशा पहाटे सगळा जिल्हा एकाच मिनिटाला रिसीव्हर उचलणार. तिथं ते सूत्र काय करील? १० नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर बँका उघडल्या त्या सकाळी, मी शाखेत सहाला पोचलो तेव्हा रांगेत माणसांच्या जागी चपला, पिशव्या आणि दगड ठेवलेले होते. त्या दिवशी किती काउंटर उघडले असते तर पुरले असते? घटना एक होती आणि ती सगळ्यांच्या घरी एकाच रात्री घडली होती. मुलगी म्हणाली, की त्यांच्या कामातही सगळ्यात जास्त भीती याचीच असते. रोजच्या गर्दीची नाही, एकाच कारणानं आलेल्या गर्दीची.

मंगळवेढ्यात राहून हा प्रश्न विचारायचा म्हणजे दामाजीपंतांच्या दारात उभं राहूनच विचारायचा. पंधराव्या शतकात इथं बिदरच्या बहामनींचा अंमल होता आणि दामाजीपंत त्यांचे अधिकारी. गोष्ट वाचकांना पाठ आहे. दुष्काळ पडला, पंढरपूरहून एक भुकेला ब्राह्मण आला, जेवायला बसला आणि घरच्यांच्या आठवणीनं रडू लागला. पंतांनी त्याच्याकडे धान्य पाठवलं, ते वाटेत उपाशी लोकांनी लुटलं, आणि मग माणसांचा लोंढाच आला. पंतांनी सरकारी कोठारं उघडली. बादशहाचं बोलावणं आलं. पंत वाटेत असतानाच विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला, अशी कथा. शाळेत ऐकली तेव्हा मला विठोबाचं रूप आवडलं होतं. बँकेत गेल्यावर पावती आवडू लागली. पैसे पोचले एवढं पुरत नाही, पोचल्याचं उलट कळावं लागतं. मुलीच्या कारकुनांच्या चिठ्ठ्यांचंही तसंच आहे. पोच आली नाही तर चिठ्ठी हरवली की पोच हरवली, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि त्यानं पुन्हा पाठवली तर काम दोनदा व्हायची भीती. फोनवरून पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं तेव्हा आपण ज्या काळजीत असतो ती हीच.

पण मी पावतीपेक्षा कोठाराचा विचार जास्त करतो आहे. कोठारं रोजच्या देण्याघेण्याच्या हिशेबानं भरलेली असणार, सरकारी धाऱ्याच्या. सगळा मुलूख एकदम दारात येईल असं धरून ती कुणी बांधली नव्हती. पंतांनी ती पुरतील का, याचा हिशेब केला असेल का? हिशेबी माणूस होता, केला असणार. तरी कड्या काढल्या. कोपनहेगनच्या कचेरीत चोरून पैसे देणारा तो दाढीवाला गणिती आणि हा अंमलदार यांची गाठ घालून देता आली असती तर दोघांना बोलायला विषय पुष्कळ होता. भाषेची अडचण आली असती एवढंच.

ऑटो स्विचचं पुढं काय झालं ते राहिलं. त्या डब्या मोटारी सुरू करतात, पण सगळ्या एकाच क्षणी. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. एका डीपीवर वीस-पंचवीस मोटारी, लाइट आली की सगळ्यांनी एकदम ओढ घेतली, आणि डीपी जळाली. मग आठ-पंधरा दिवस पिकं माना टाकून उभी. वीज कंपनी ऑटो स्विच काढा म्हणून विनवण्या करते, आणि ज्याला रात्री दोनला उठून साप-विंचवांतून शेतात जायचं आहे तो काढत नाही. त्याचं बरोबरच आहे.

मी मेव्हण्याला एरलांग यांची गोष्ट सांगितली. त्याला गणितात रस नव्हता, पण लोक एकमेकांना न विचारता येतात म्हणूनच लाइनी पुरतात, हा मुद्दा त्यानं बरोब्बर पकडला. डबीला उशीर लावायची सोय असते. लाइट आल्यावर इतक्या मिनिटांनी सुरू हो, असं तिला सांगता येतं. गेल्या महिन्यात त्यानं डीपीवरच्या शेजाऱ्यांना पारावर बोलावलं, चहा पाजला आणि मिनिटं वाटून घेतली. याची दोन, त्याची चार, पलीकडच्याची सहा. स्वतःला त्यानं सगळ्यात शेवटचं मिनिट घेतलं. दोघे जण ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या मोटारी अजून लाइट आल्याबरोबर सुरू होतात.